माया आहे, तरी बोलणं लागतं

‘आमच्याकडे बोलणंच असं. आम्हीही बापाच्या शिव्या खाऊनच वाढलो, आमचं काय बिघडलं? आणि माया तर आहेच ना!’ पोराला शिव्या घालू नका, असं मी समुपदेशक म्हणून सांगितलं की मालवण-वेंगुर्ल्याकडचे पालक हे मला हमखास ऐकवतात. त्यांची माया खरी असते, म्हणून एका घराची हकीकत सांगते. ओळखीचे तपशील बदललेत.

वडील मच्छीमार. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे दिवसभर घरी. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. वह्या लपवतो, बोलत नाही म्हणून आई त्याला घेऊन आली. काहीही विचारलं की तो म्हणे, “माका जमाचा नाय.” हे तुला कोणी सांगितलं? “बाबा सांगतत.”

बाबांना बोलावलं. पोराला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा माणूस. त्यांना मी तेव्हा पिट्सबर्ग विद्यापीठात असलेले संशोधक मिंग-ते वांग यांचा 2014 साली छापून आलेला अभ्यास सांगितला. त्यात सुमारे हजार अमेरिकी कुटुंबं होती. तेराव्या वर्षी ज्यांच्या वाट्याला आरडाओरडा, शिव्या, अपमान जास्त आला, त्या मुलांमध्ये पुढच्या वर्षभरात उदासी आणि बेशिस्त वाढलेली दिसली. घरात एरवी माया असली तरी हा परिणाम कमी झाला नव्हता.

मग विचारलं, “नव्या खलाशाने जाळ्याची गाठ चुकवली तर काय म्हणता?”

“गाठ ढिली रवली, परत मार.”

“आणि पोराचं गणित चुकलं तर?”

“ढ आसस, असा सांगतंय.” बोलता बोलताच त्यांना ते उमगलं असावं.

गाठ परत मारता येते. ‘ढ’ असणं पोराने दुरुस्त करायचं कसं? ‘मेल्या, जेवलस काय?’ यातली माया मुलांना बरोबर कळते, ते खुशाल म्हणा. ‘ढ’ हा रोजचा शिक्का मात्र मूल खरा मानून बसतं.

ठरलं एवढंच : चुकलेली पायरी बोटाने दाखवायची, पोराबद्दल शब्द काढायचा नाही. तोंडून गेलंच तर त्याच दिवशी जवळ जाऊन सांगायचं, “रागान बोललंय, तू तसो नाय.”

नारळी पौर्णिमेनंतर आई आली. बाबांचा तोल अजून सुटतो, पण ते परत जाऊन बोलतात. चुकलेल्या गणितांची वही मुलाने स्वतःहून त्यांच्यापुढे ठेवली. आजीची जीभ तशीच आहे. पुढच्या वेळी तिलाही बोलावलंय.

तुमचं मूल दोन आठवड्यांहून जास्त गप्प असेल, झोप-जेवण तुटलं असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. मरणाची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं.