गावात वीज कंपनी बदलता येते का? बिल आणि कार्बन, दोन्ही कमी कसे करायचे?

नाही, घरगुती ग्राहकाला गावात महावितरणच. मुंबईत अदानी, टाटा, बेस्ट आहेत. श्रीरामपूर भागात पूर्वी मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था होती, पण २०११ पासून तिथेही महावितरण.

तेव्हा लक्ष युनिटवर द्या. पहिल्या १०० युनिटचा दर सर्वांत कमी. १०१ ते ३०० मधल्या प्रत्येक युनिटला जवळपास दुप्पट पैसे पडतात. जास्त दर फक्त १०० च्या वरच्या युनिटना लागतो, सगळ्यांना नाही. स्थिर आकार, वहन आकार (वीज पोचवण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळे.

एकदम मोठं बिल आलं तर आधी बिलावरचं चालू रीडिंग मीटरच्या केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) आकड्याशी जुळवा. घर बंद असल्याने सरासरी बिल आलं असेल, तर पुढच्या खऱ्या रीडिंगला जितके महिने तितक्या पट स्लॅब (दराचा टप्पा) मिळायला हवा: दोन महिन्यांना २०० युनिट स्वस्त दराने. इथेच चूक होते. मीटरचा तारखेसह फोटो जोडून लेखी तक्रार द्या.

जुना ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो, २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा नव्या मोटरचा पंखा) १० च. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला १२ किलो वाचतो. फ्रिज-टीव्हीवाल्या घरात दोन पंखे बदलले तरी वापर बऱ्याचदा शंभर युनिटच्या आत येतो.