आजीने ट्रॅक्टरला हात का जोडले?

प्रिय चिऊ,

गाडीत तू मागच्या सीटवरून जे विचारलंस, त्याला मी "नंतर सांगतो" म्हणालो आणि डेन्व्हर येईपर्यंत ते राहूनच गेलं. खरं सांगायचं तर उत्तर मलाच नीट जुळत नव्हतं. आता घरी आल्यावर लिहूनच देतोय.

सीवर्डची मिरवणूक बघितल्यावरचा तो प्रश्न तुझ्याच शब्दांत लिहून ठेवतो: "झेंडा आला तेव्हा सगळेच उभे राहिले, ते ठीक आहे. पण त्या लाल ट्रॅक्टरला एकट्या आजीनेच नमस्कार का केला? ट्रॅक्टर देव असतो का?" आणि मग अगदी हळू, "शेजारच्या दोन मुली बघत होत्या."

आपण सीवर्डला थांबणार नव्हतोच. पहाटे शिकागोहून निघालो, मिसिसिपी ओलांडली, आयोवाभर मका बघून बघून आई झोपली, आणि नेब्रास्कात लिंकन मागे पडल्यावर तुला बाथरूमला जायचं होतं. आय-80 हायवे सोडून जरा उत्तरेला वळलो तर पुढे रस्ता बंद. तिथल्या माणसाने हसत हसत गाडी गवतात लावायला सांगितली. सात-आठ हजार वस्तीचं हे गाव 4 जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, सोहळ्यासाठी साऱ्या अमेरिकेत नावाजलेलं आहे, हे मला गाडी लावल्यावर कळलं. (ह्याच गावात एका माणसाने 1975 साली कोरी करकरीत शेव्हरोले व्हेगा गाडी हजारो वस्तूंसकट जमिनीखाली बंद करून ठेवली होती, 2025 साली उघडायची म्हणून. नातवंडांना कळावं, आम्ही कसे जगत होतो. मी आपला पत्र लिहितोय. गाडी पुरायला आपल्या टाउनहाउसला अंगण कुठलं?)

रस्त्याच्या दोन्ही कडांना लोकांनी आधीपासून घडीच्या खुर्च्या मांडून जागा धरल्या होत्या. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसंच. एका बाईने काही न विचारता आपली खुर्ची आजीकडे सरकवली. पुढे माजी सैनिक झेंडा घेऊन आले, तशा टोप्या उतरल्या, हात छातीवर गेले. मग बँड, मग कान किटवणारी अग्निशमन गाडी, मग घोडे. गाड्यांवरून खाऊच्या गोळ्या उधळल्या जात होत्या आणि तू टोपी उलटी करून रस्त्यावर बसकण मारली होतीस.

मग ट्रॅक्टर आले. आधी हिरवे, पिवळ्या चाकांचे जुने जॉन डिअर. त्यांचं इंजिन दोनच सिलिंडरचं, त्यामुळे फट्‌ फट्‌ असा सुटा सुटा आवाज येतो. आणि त्यांच्या मागून तो लाल, बाजूवर "इंटरनॅशनल" लिहिलेला.

तू गोळ्या वेचत होतीस, म्हणून तुला शेवटचंच दिसलं. मी सुरुवातीपासून बघत होतो. आजी खुर्चीतून उठली. पायातले बूट काढले, मोज्यांवरच डांबरावर उभी राहिली. उन्हाची टोपी काढून माझ्या हातात दिली, पदर डोक्यावर घेतला आणि मग हात जोडले. ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्याला वाटलं, ही बाई मलाच नमस्कार करतेय. त्यानेही टोपी काढून मान लववली. त्या दोन मुली बघत होत्या, खरं आहे. पण हसत नव्हत्या, मी पाहिलं.

आता उत्तर. ट्रॅक्टर देव नसतो. पण तुझा पाय पुस्तकाला लागला की तू काय करतेस? पुस्तकाला हात लावून तोच हात कपाळाला लावतेस. मी शिकवलेलं नाही, आजीचं बघून तू उचललंस. पुस्तक देव आहे म्हणून करतेस का? नाही. चुकून लाथ लागली, माफ कर, एवढंच त्यात असतं. आपल्या नमस्कारात अशी थोडी माफी बरेचदा असते. माझ्या मते तरी. एखादे गुरुजी तुला वेगळं सांगतील.

ही माफी सगळ्यात उघड दिसते ती पोळ्याला. आजी त्याला "पोया" म्हणते, वऱ्हाडात ळ चा य होतो. श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे इकडच्या ऑगस्ट-सप्टेंबरात, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बैलांचा सण असतो. तुझ्या मराठी शाळेत बाईंनी "मराठी लोक पोळा करतात" असं सांगितलं आणि तुझ्या मैत्रिणीची कोल्हापूरची आई म्हणाली, "आमच्यात बेंदूर असतो, तो आषाढात." दोघीही बरोबर. कुठे कुठे तर पोळा भाद्रपदात असतो. एकच एक मराठी रीत शोधायला गेलीस तर दमशील.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जिथे जू घासतं तिथली कातडी जाड, काळी झालेली असते, कधी सोललेलीही. माझे आजोबा हळद आणि तूप एकत्र करून तिथे चोळायचे, अगदी सावकाश, आणि बैल डोळे मिटून मान खाली सोडायचा. मग त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे आमंत्रण. आपल्याच गोठ्यातल्या बैलाला जेवायचं आमंत्रण! लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं. आता वाटतं, ज्याच्या मानेवर आपण रोज जू ठेवतो त्याला एक दिवस तरी "या" म्हणायला नको?

दुसऱ्या दिवशी त्यांना कामाला जुंपायचं नाही. नदीवर धुवायचं, शिंगं रंगवायची, बेगड लावायची, नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. संध्याकाळी गावाच्या वेशीजवळ आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि सगळ्या जोड्या त्यापुढे ओळीने उभ्या करतात. माणसं झडत्या म्हणतात, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, एकाने दुसऱ्याला टोमणा मारायचा, शेवटी सगळ्यांनी "हर बोला हर हर महादेव" करायचं. मानाची जोडी पुढे झाली, तोरण तुटलं की पोळा फुटला. सीवर्डच्या मिरवणुकीत मला आठवला तो हाच क्षण. फक्त इथे सगळे शिस्तीत चालले होते, आणि आमच्याकडे पोळा फुटला की बैल कुठे, मालक कुठे आणि मी कुठे, काही कळायचं नाही. मग बैल घरी यायचे. आजी दारातच त्यांच्या पायांवर पाणी घालायची, ओवाळायची, पुरणपोळी भरवायची. आणि वर्षभर त्यांचं शेण-पाणी करणाऱ्या गड्याला बोजारा द्यायचा, पैशांचा. माझ्या आठवणीत तो नेहमी तक्रार करायचा की कमी दिला. त्याचं बरोबर होतं.

तुझ्या टोपीतल्या गोळ्यांवरून सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरांचा. लाकडी बैलाला चाकं लावून, सजवून घरोघर न्यायचं, आणि लोक हातावर खाऊ नाहीतर पैसे ठेवतात. हा नागपूरकर भोसल्यांनी 1806 साली सुरू केला असं सांगतात. मी एका वर्षी साडेसात रुपये जमवले होते.

आता तो लाल ट्रॅक्टर. 1963 साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या अमेरिकन कंपनीशी भागीदारी केली आणि मुंबईत ट्रॅक्टर बनायला लागले, "बी-275" नावाचे, लाल. ही कंपनी कुठली, माहीत आहे? शिकागोची. आपण जिथे राहतो तिथली. त्यातला एक, दुसऱ्या हाताचा, मी सहा वर्षांचा असताना आमच्या घरी आला. कर्ज डोक्यावर होतं, म्हणून आमच्या दोन जोड्यांपैकी एक बाजारात गेली. सगळे बैल विकता येत नाहीत, कारण कपाशी वाढली की दोन ओळींमधून डवरा, म्हणजे तण काढायचं औत, धरून बैलच चालू शकतात, ट्रॅक्टर झाडं मोडतो. एक जोडी राहिली. दुसरीचे खुंटे गोठ्यात तसेच राहिले.

त्या वर्षीच्या पोळ्याला आजीने ट्रॅक्टरच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं, ओवाळलं आणि पुरणपोळीचं ताट बॉनेटवर ठेवलं. माझे आजोबा म्हणाले, "त्याले डिझेल पाज, पोयी कायले?" सगळे हसले. पुरणपोळी शेवटी कुत्र्याने नेली. मग आजी ताट धुवायच्या निमित्ताने मागे गेली आणि बराच वेळ आली नाही. मी बघायला गेलो तर ती रिकाम्या खुंट्यांपाशी उभी होती. मला बघून म्हणाली, "जाय, खेळ."

हे सगळं माझं. आजीचं काय, ते मी त्या रात्री मोटेलमध्ये तिलाच विचारलं. तू झोपली होतीस. ती गुडघ्याला बाम लावत होती. म्हटलं, "माय, तू त्या ट्रॅक्टरले हात कायले जोडले?" मला वाटलं होतं, विकलेल्या जोडीबद्दल काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "आवाज वयखला नं म्या त्याचा. घरचाच व्हता तो." आणि बामाच्या डबीचं झाकण शोधायला लागली.

एवढंच. ती माफी वगैरे मी लावलेला अर्थ आहे, तिने तसं म्हटलेलं नाही. तुला पटलं नाही तर तूच विचार तिला, पण वऱ्हाडीत विचार. मराठी शाळेतल्या मराठीत विचारलंस तर ती लाजून उत्तर देत नाही.

तिने येताना तुझ्यासाठी लाकडी बैल आणलाय, तो गॅरेजमध्ये निळ्या डब्यात आहे. बॅगेत दाबून त्याचं पुढचं एक चाक निखळलंय. शनिवारी बसवू. रंग तू निवड, शिंगं मात्र आजीच रंगवणार, त्यात ती कुणाला हात लावू देत नाही.

तुझा,
बाबा