बाबा स्वप्नात धडधाकट दिसावेत म्हणून

प्रिय मैत्रिणी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. वडील जाऊन चौदा महिने झाले, तरी स्वप्नात ते तुम्हाला रुग्णालयातल्या खाटेवर, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावलेलेच दिसतात. म्हणून गेले दोन महिने दिवा मालवल्यावर तुम्ही मनात एक प्रसंग रचता, ज्यात ते तुम्हाला सायकल शिकवत असतात आणि शेवटी म्हणतात, “त्या रात्री तू घरी गेलीस, ते बरोबरच केलेस.” खाटेचे चित्र मध्ये आले की तुम्ही ते नेटाने बाजूला सारता. स्वप्न मात्र बदलत नाही, झोप लागायला दीड-दोन तास उशीर होतो आणि आपले प्रेमच कमी पडते की काय, अशी शंका तुम्हाला छळते.

प्रेमाचा हिशेब स्वप्नांवरून मांडू नका. 1993 साली मानसशास्त्रज्ञ डिअर्ड्रे बॅरेट यांनी 76 विद्यार्थ्यांना आठवडाभर झोपण्यापूर्वी आपल्या मनातल्या एका प्रश्नाचा विचार करायला सांगितले, तेव्हा साधारण निम्म्या जणांना त्याच्याशी संबंधित स्वप्न पडले. म्हणजे कल्पनेचा स्वप्नावर परिणाम होतो हे खरे. पण ज्यांना तसे स्वप्न पडले नाही, त्यांचा प्रश्न त्यांना कमी जिव्हाळ्याचा होता, असे कोण म्हणेल?

तुमची अडचण मला वेगळीच वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवून दिले की झोपण्यापूर्वी एखाद्या व्यक्तीचा विचार मुद्दाम दाबला, तर तीच व्यक्ती स्वप्नात अधिक येते. ती खाट दूर ढकलण्यासाठी तुम्ही घेत असलेले कष्टच कदाचित तिला पुन्हा पुन्हा आत आणत असतील. म्हणून तिला ढकलू नका, तिथूनच सुरुवात करा. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर उपचार करणारे तज्ज्ञ हेच करायला सांगतात: जागेपणी ते स्वप्न थोडक्यात लिहायचे, हवे तिथे हवे तसे बदलायचे आणि बदललेले स्वप्न रोज दहा-वीस मिनिटे डोळ्यांसमोर आणायचे. तुमच्या स्वप्नात बाबा स्वतःच मास्क काढतील, उठून बसतील, उशाशी ठेवलेला चष्मा मागतील आणि तुम्ही दोघे त्या खोलीच्या दारातून सायकलपाशी जाल. प्रसंग लांबवण्यापेक्षा त्यात हाताला, कानाला, नाकाला जाणवेल असे काही असू द्या. सीटमागे धरलेला त्यांचा हात, चाकाची कुरकुर, त्यांच्या शर्टाचा वास.

ही उजळणी संध्याकाळी करा, अंथरुणात नको. अंथरुणात संवाद रचत राहिल्याने मन जागे राहते, आणि उशिरा झोपून ठरलेल्या वेळी उठलात की पहाटेची झोप तुटते. डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, जिच्यात ठळक स्वप्ने पडतात, ती रात्र सरत जाते तशी लांबत जाते. तेव्हा तुम्ही नेमका तोच भाग गमावत आहात. रात्री फक्त सीटमागचा हात डोळ्यांसमोर ठेवा आणि तो पुसट होऊ लागला की होऊ द्या, ओढून परत आणू नका. सकाळी जाग आल्यावर थोडा वेळ न हलता पडून राहा आणि जे आठवेल ते लगेच वहीत लिहा, मग त्यात बाबा नसून नुसती सायकल असली तरीही. काही आठवडे तरी धीर धरा. मात्र त्या स्वप्नाने आठवड्यातून अनेकदा दचकून जाग येत असेल किंवा झोपायचीच भीती वाटू लागली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात विलंब करू नका.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी. ते प्रसंगातून काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन. उद्या स्वप्नातले बाबा गप्प राहिले किंवा भलतेच काही बोलले, तर तो त्यांचा निवाडा समजून तुम्ही वर्षानुवर्षे झुरत राहाल, आणि स्वप्नातले शब्द तर तुमच्याच मनाने जुळवलेले असतात. त्या संध्याकाळी तुम्ही थकून घरी गेलात आणि पहाटे ते गेले, एवढेच तुमच्या पत्रात आहे; त्यात अपराध कुठे आहे, ते मला दिसत नाही. तरीही ते बोचत असेल, तर या आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी ठेवा, बाबांना पत्र लिहा आणि त्या रात्रीचे सगळे त्यात सांगा. त्या दिवशी उजळणी राहिली तरी चालेल.

तुमची,
ताई