देशांचे आकडे आणि तुमचा तक्ता

तुम्ही पाठवलेला तक्ता मी दोनदा नीट वाचला. पिसा चाचणीतले गुण, संशोधनावरील खर्चाची जीडीपीशी टक्केवारी आणि विद्यापीठांचे जागतिक क्रमांक असे तीन रकाने करून तुम्ही सहा देशांना एकूण गुण दिले आहेत, आणि त्यावरून स्वतःच्या पीएचडीसाठी व आठ वर्षांच्या मुलीच्या शाळेसाठी एकच देश ठरवायचा आहे. बारा वर्षांपूर्वी जर्मनीला येताना मीही असाच तक्ता केला होता, म्हणून कळकळीने सांगते की या तीन आकड्यांची बेरीज करू नका. ते मोजणाऱ्यांनी तीन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

पिसा ही चाचणी ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना २००० सालापासून पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या नमुन्यावर घेते. २०२२ च्या फेरीत ८१ देश व प्रदेश होते. गणितात सिंगापूरला ५७५, जर्मनीला ४७५ आणि ओईसीडीची सरासरी ४७२ होती. तुम्ही जर्मनीपुढे ‘मध्यम’ असे लिहिले आहे, पण त्या सरासरीइतकी शाळा तुमच्या मुलीला कदाचित कुठेच भेटणार नाही. इथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास, मुले वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात आणि त्या प्रकारांमधले अंतर मोठे असते. तुमच्या मुलीच्या वाट्याला ती विभागणी दोनच वर्षांनी येईल, आणि तोवर तिला जर्मन किती येते यावर बरेच अवलंबून राहील. पहिल्या फेरीत वाचनात सरासरीहून कमी, ४८४ गुण मिळाल्यावर हा देश हादरला होता, तो केवळ क्रमांकामुळे नव्हे. घरच्या परिस्थितीचा मुलांच्या गुणांवर इथे किती प्रभाव पडतो हेही त्या अहवालातून उघड झाले. तुम्ही अहवालातला तोच भाग, आणि परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांचे गुण, प्रत्येक देशासाठी आधी वाचा.

संशोधनखर्चाची व्याख्या १९६३ साली इटलीतील फ्रास्काती येथे ठरलेल्या पुस्तिकेतून आली आहे आणि ती चांगली आहे. घोटाळा होतो तो भागाकारात. २०१५ साली बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आयर्लंडमध्ये नेल्यामुळे तिथला जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांहून अधिक फुगला आणि प्रयोगशाळांत काहीही कमी झाले नसताना संशोधनाची टक्केवारी मात्र घसरली. शिवाय हा पैसा कोण वापरतो हेही पाहायला हवे. इस्रायलचा आकडा सहा टक्क्यांच्या आसपास आहे, पण त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक खर्च कंपन्यांमध्ये होतो. जर्मनीच्या तीन टक्क्यांतलाही सुमारे दोन तृतीयांश वाटा उद्योगांचा आहे. पीएचडीच्या जागा ज्या पैशातून निघतात तो बहुतांशी उच्च शिक्षण आणि सरकारी संस्था या क्षेत्रांच्या रकान्यांत असतो. तुमच्या तक्त्यात ते रकाने नाहीत.

दर दहा लाख लोकांमागे संशोधक किती, हा आकडा तुम्ही घेतला नाहीत ते एका अर्थी बरेच झाले. त्यात माणसे नव्हे, तर पूर्णवेळ कामाच्या हिशेबात बसवलेला वेळ मोजतात. मागे आमच्या विभागात असाच वेळेचा तक्ता भरून घेतला होता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने प्रबंधाच्या विद्यार्थ्यांना दिलेला वेळ संशोधनात धरला, मी तो शिकवण्यात धरला. काम तेच, पण त्याच्या रकान्यात ६० टक्के आणि माझ्या रकान्यात ४०. अशाच नोंदींमधून राष्ट्रीय आकडा तयार होतो.

विद्यापीठांच्या क्रमवारीबद्दल थोडक्यात सांगते. २००३ साली सुरू झालेल्या शांघाय क्रमवारीत ३० टक्के गुण नोबेल व गणितातली फील्ड्स पदके मिळवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे आणि प्राध्यापकांचे असतात, तर क्यूएस या दुसऱ्या जागतिक क्रमवारीत प्राध्यापकांच्या मतांना मोठे वजन आहे. इथल्या माक्स प्लांक या संशोधन संस्था विद्यापीठांपासून स्वतंत्र आहेत, त्यामुळे तिथल्या कामाचे श्रेय शेजारच्या विद्यापीठाच्या क्रमांकात पुरते उतरत नाही. क्रमांक १८० म्हणून तुम्ही खोडलेल्या शहरात कदाचित तुमच्या विषयाचा उत्तम संशोधनगट असेल.

आता तक्ता बाजूला ठेवून तुमच्या विषयाच्या प्रत्येक संशोधनगटाला पत्र लिहा: गेल्या पाच वर्षांत किती जणांनी पीएचडी सुरू केली, किती जणांची पूर्ण झाली, किती वर्षे लागली, करार किती वर्षांचा असतो आणि ती माणसे आज कुठे आहेत. त्याच आठवड्यात त्या त्या शहराच्या शिक्षण कार्यालयाला विचारा, की भाषा न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचा वर्ग कोणत्या शाळांत आहे आणि वर्ष अर्धे उलटल्यावरही तिथे प्रवेश मिळतो का.