जीवाश्म डायटम: वनस्पतिशास्त्र घ्यावं की भूविज्ञान?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. जीवाश्म डायटम आणि सूक्ष्म शैवालांची सुरुवातीची उत्क्रांती शिकायची म्हणते. बॉटनी घेऊ दे का? पुढे नोकरी मिळेल का? – एक आई, गुहागर

उत्तर: ताई, भूविज्ञान मुख्य आणि जमलं तर बॉटनी जोडीला. डायटम म्हणजे सिलिकाचं, काचेसारखं नक्षीदार कवच असलेलं एकपेशीय शैवाल. डीएनएवरून मांडलेले हिशेब डायटमचा उगम ट्रायासिक-ज्युरासिकपर्यंत (सुमारे 25 ते 14.5 कोटी वर्षांपूर्वीचा काळ) मागे नेतात. पण चांगली टिकलेली सर्वांत जुनी कवचं सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीची, अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रतळाखालची. ज्युरासिकच्या नोंदींवर वाद आहे. कवचाची सिलिका पाण्यात विरते आणि खोल गाडली गेली की उष्णतेने तिचं क्वार्ट्‌झ होतं; नक्षी जाते. हरवलेला पुरावा कुठे शोधायचा, हे खडक वाचता येणाऱ्यालाच कळतं.

पोटापाण्याचंही गणित तेच. यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतल्या जिऑलॉजिस्ट पदाला बॉटनीची एमएस्सी चालत नाही. निव्वळ डायटमवरच्या कायम जागा मात्र मोजक्याच, आणि पीएचडीशिवाय नाहीत.

कोकणातल्या बेसॉल्टात किंवा जांभ्यात तिने डायटम शोधत बसू नये. दाभोळ खाडीचा गाळ घ्यावा. गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्याच्या जाती ओळखता आल्या की खाडीचा जुना खारेपणा वाचता येतो. आत्ता ओहोटीला चिखलावरचा तपकिरी थर स्लाइडवर घेऊन 400 पटीत बघितला तरी पुरे, जिवंत डायटम सरकताना दिसतील.

गाळ साफ करून कवचं वेगळी काढण्याचं काम कॉलेजच्या फ्यूम हूडखालीच (घातक वाफा ओढून घेणारी प्रयोगशाळेतली पेटी), शिक्षकांसमोर. 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घरी आणायचंच नाही. साधारण 1 ग्रॅम गाळावर 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, फेस थांबेपर्यंत. शिंपल्यांचा चुना जातो. धुऊन मग पेरॉक्साइड थोडंथोडं घालून गरम करायचं. खाडीच्या गाळात सेंद्रिय भाग भरपूर, एकदम ओतलं तर उतू जातं. नंतर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी अलगद ओतायचं, असं चार-पाचदा. धुणं कमी पडलं तर स्लाइडवर मिठाचे स्फटिक. नळाच्या पाण्यातून परके डायटम येऊ शकतात. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवलं तर नाजूक कवचं फुटतात. स्लाइड साध्या गोंदात बसवली तर नक्षी जवळजवळ दिसत नाही, नॅफ्रॅक्ससारखं जास्त अपवर्तनांकाचं, म्हणजे प्रकाश जास्त वळवणारं माध्यम लागतं. मोजणी 1000 पटीत, नमुन्यामागे 300 ते 400 झडपा (कवचाचे अर्धे भाग). इथे बहुतेकांचा धीर सुटतो, तिचा टिकतो का ते बघा.

बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटीची जॅम परीक्षा, पीएचडीच्या फेलोशिपसाठी नेट परीक्षा. संशोधनासाठी लखनौची बिरबल साहनी संस्था, पुण्याची आघारकर संस्था आणि गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. प्रवेशाआधी कॉलेजला एवढंच विचारा: भूविज्ञान शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय राहतो का? कोकणात असं कॉलेज नाही मिळालं तर पुणे-मुंबईच्या हॉस्टेलचा खर्च आताच धरून ठेवा.