कशाला ते कळलं नाही?

प्रिय मावशी,

माझं वय ४२. या वर्षात सगळंच उलटंपालटं झालं. चौदा वर्षांची नोकरी मार्चमध्ये सोडली. नऊ वर्षांचं नातं मे महिन्यात संपलं. भांडण नाही, आदळआपट नाही, एके दिवशी दोघांकडेही बोलायला काही उरलं नव्हतं. मग मी फिरत सुटले. सात प्रवास, पाच देश. बर्फात चालले, वाळवंटात एकटीने रात्र काढली, जन्मात पहिल्यांदा समुद्राखाली जाऊन श्वास घेतला.

याच वर्षात बाबा गेले. फेब्रुवारीत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, सप्टेंबरमध्ये सगळं संपलं. मधे तीनदा जाऊन भेटून आले. ते स्वतःच म्हणायचे, 'तू जा, थांबू नकोस.' धाकटी बहीण घरीच होती, तिने सगळं पाहिलं. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी एका विमानतळावर पुढच्या विमानाची वाट पाहत बसले होते.

दुःखाचे पाच टप्पे असतात म्हणतात. मला वाटतं मी आता पाचव्यावर, स्वीकारावर आले आहे. पण दर डिसेंबरात मी वर्षाचा आढावा लिहिते, तो यंदा पुरा होत नाही. अठरा पानं झाली, शेवट जमत नाही. बाबांचं घड्याळ मला मिळालं, ते हातात घालून लिहायला बसते. (मी निघताना बहिणीने त्यांची औषधांची वहीसुद्धा माझ्या बॅगेत टाकली होती, कशाला ते कळलं नाही. चुकून आली असावी.) या वर्षाकडे कसं पाहू? मिळवलं म्हणू की गमावलं?

– अठरा पानांवर अडकलेली

———

अगं अडकलेली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा समुद्राखालचा श्वास लक्षात राहिला. दुसऱ्यांदा तो कंस दिसला, आणि मग मला दुसरं काही दिसेना. अठरा पानं लिहिणारी बाई कंस उगाच टाकत नाही. जे सांगायचं आहे आणि सांगायचं नाही, ते तू तिथे ठेवलंस.

नोकरीबद्दल मला काही म्हणायचं नाही. नात्याबद्दलही नाही, ते तू एका वाक्यात आवरलंस, म्हणजे तिथे तू बरी आहेस. मिळवलं की गमावलं, हा प्रश्नही बाजूला ठेव. आपण वहीबद्दल बोलू.

औषधांची वही चुकून कुणाच्या बॅगेत जात नसते. ती पलंगाशेजारच्या स्टुलावर असते. तिला दोरीने पेन बांधलेलं असतं, कारण रात्री पेन सापडत नाही. तिच्या कव्हरवर औषधाचे चिकट गोल डाग असतात. आजारी माणूस गेल्यावर ती एक तर रद्दीत जाते किंवा कपाटात सगळ्यात खाली. मला माहीत आहे, कारण अशी एक वही मी अकरा महिने लिहिली आहे, नवऱ्याच्या आजारपणात. तुझ्या बहिणीने ती स्टुलावरून उचलली, तू खोलीत नसताना तुझ्या बॅगेची चेन उघडली, कपडे बाजूला केले आणि आत ठेवली. हे चुकून होतं? तुझं कपाट तू महिनोन्‌महिने उघडत नसशील. बॅग मात्र उघडतेसच. हे तिला ठाऊक होतं.

त्या वहीत काय आहे, ते मी न बघता बरंचसं सांगू शकते. या दुखण्यात बहुतेकदा मॉर्फिन लागतं. ते दुखायची वाट बघून देत नाहीत, घड्याळावर देतात. लंडनमध्ये १९६७ साली ज्यांनी पहिलं आधुनिक हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, उघडलं, त्या सिसिली साँडर्स यांनी हे लावून धरलं होतं. दुखणं डोकं वर काढायच्या आत पुढचा डोस पोटात गेला पाहिजे, म्हणजे माणूस दुखण्याच्या भीतीत जगत नाही. पुढे १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी जी पद्धत सांगितली, तिच्यातही 'घड्याळाप्रमाणे' हे आहेच. साधं, तोंडावाटे द्यायचं मॉर्फिन असेल तर दर चार तासांनी. म्हणजे सकाळचे सहा, दहा, दोन, सहा, दहा आणि पुन्हा रात्रीचे दोन. रात्री दोनला उठावं लागू नये म्हणून काही डॉक्टर झोपतानाचा डोस वाढवून देतात. तुमच्याकडे तसं केलं होतं की तुझी बहीण रोज दोनला उठत होती? तुला सांगता येईल? वही बघितल्याशिवाय नाही ना?

वेदना कमी करणाऱ्या औषधाची चिकटपट्टी अंगावर लावली असेल, तर ती साधारण ७२ तासांनी बदलायची, वर तारीख लिहायची. मॉर्फिनने पोट गच्च बसतं, म्हणून जुलाबाचं औषध सोबत चालू असतं आणि वहीत तोही एक रकाना येतो. वडिलांचा तो रकाना मुलगी भरते. माणूस अंथरुणाला खिळला की दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी त्यासाठी नुसतं 'डा', 'उ', 'स' लिहीत असे. डावी, उजवी, सरळ. शेवटच्या महिन्याची पानंच्या पानं डा उ स, डा उ स अशी भरलेली आहेत. परक्या माणसाला वाटेल, बाई गाणं शिकत होती.

आणि हे सगळं करणाऱ्या मुलीबद्दल तुझ्या पत्रात एक वाक्य आहे. 'धाकटी बहीण घरीच होती, तिने सगळं पाहिलं.'

पाहिलंस तू, बाई. सात ठिकाणं पाहिलीस. तिने केलं.

'घरीच होती' मधल्या त्या 'च'चाही मला राग आला. जणू ती एरवीही तिथेच असते, पंख्यासारखी, त्यात विशेष ते काय! तिची नोकरी होती का? ती तिने सोडली का? तिचंही एखादं नातं या वर्षी संपलं का? तुझ्या पत्रातून मला वाळवंटातली रात्र कळली, बहिणीचं नावसुद्धा कळलं नाही.

बाबा म्हणाले, 'तू जा.' म्हणाले असतील, आणि मनापासून म्हणाले असतील. आजारी बापाला एक लेक जग बघते आहे याचा आनंद होतो, फोनवर चार गोष्टी ऐकायला मिळतात. तू गेलीस यात मला पाप दिसत नाही, त्यावर मी तुला रडवणार नाही. पण तो 'जा' दोघींपैकी एकीलाच मिळाला. दुसरीला तो मिळू शकला नाही, कारण मग दोनचा डोस कुणी दिला असता? तुझ्या परवानगीची किंमत तिने भरली. तुला ती कुणी मागितली नाही, एवढंच.

आता ते पाच टप्पे. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले, ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार हे मुळात जाणाऱ्या माणसाबद्दल होतं. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावलं गेलं, आणि आता जो तो आपण कितव्या पायरीवर आहोत ते मोजतो. तुमच्या घरात ते टप्पे असलेच, तर ते बाबांचे होते. ते कुठल्या रात्री चिडले, कधी म्हणाले 'अजून एक महिना मिळाला तर', कधी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, हे एकाच माणसाने ऐकलंय. वडिलांच्या आयुष्यातले शेवटचे सात महिने तुझ्या बहिणीकडे आहेत. तुझ्याकडे तीन भेटी आणि एक घड्याळ. ज्याची गोष्टच अजून ऐकली नाहीस, त्याचा स्वीकार कसा काय झाला तुझा? तू फक्त बातमी स्वीकारलीस.

एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करत होते. लिहिते. समुद्राखाली जायच्या आधी पहिला धडा देतात तो हा, की श्वास कधी रोखायचा नाही. तुलाही दिला असेल. माणूस जायला आला की पुष्कळदा त्याचा श्वास आपोआप थांबतो. आधी खोल खोल होत जातो, मग उथळ, मग थांबतोच, आणि आपण उठून उभे राहतो, तर पुन्हा सुरू. डॉक्टर याला चेन-स्टोक्स म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या दोन डॉक्टरांच्या नावावरून. घरच्या माणसाला नाव माहीत नसतं. तो आकडे मोजतो. माझ्या वहीत शेवटच्या आदल्या पानावर नुसते आकडे आहेत: १५, २०, १८, ३०. तुझ्या बहिणीनेही मोजले असतील.

तू पाण्याखाली, ती पलंगाशेजारी. हे मी एकदा शेजारी मांडलं. तू मांडू नकोस. तुझा स्वभाव पत्रातून कळला, म्हणून आधीच सांगते: वही काढून, फोनमधले फोटो काढून, कुठल्या तारखेला मी कुठे आणि बाबा कसे, असं जुळवत बसायचं नाही. त्यातून छान रडू येईल. एकोणिसावं पानही लिहून होईल. आणि वही पुन्हा तुझीच गोष्ट होऊन बसेल. ती तुझी नाही.

काय करायचं ते सांगते. एकच गोष्ट आहे. वही एकटीने उघडायची नाही. आज बहिणीला फोन कर आणि एवढंच म्हण, 'तू बॅगेत ठेवलेली वही मी अजून उघडली नाही. तुझ्या तोंडून ऐकायची आहे. कधी येऊ?' माफी मागू नकोस, निदान फोनवर तरी नाही; माफी मागितलीस की 'असू दे गं ताई' म्हणत तीच तुझी समजूत काढत बसेल, आणि समजुती काढून ती दमली आहे. 'तू खूप केलंस' हेही म्हणू नकोस. माझ्या दिरांनी मला ते दारात उभं राहून म्हटलं होतं, चपला न काढता. आजही ते वाक्य आठवलं की मला ते जोडे दिसतात.

ती कदाचित म्हणेल, 'आता कशाला?' तरी जा. आणि या आठवड्यातच जा. आढावा अठरा पानांवर राहू दे. डिसेंबर संपला तर संपू दे, तो काही परीक्षेचा पेपर नाही.

गेलीस की तिला वाचू दे. तू वाचायची नाहीस, तिचं अक्षर तुला लागायचंही नाही. पहिल्या पानांवर ते रेषेत असेल, पुढे पुढे उतरत गेलेलं असेल. तिने कुठला शब्द नुसता वाचला आणि कुठल्या शब्दापाशी ती थांबली, तिकडे लक्ष दे. थांबली की विचार, 'तेव्हा काय झालं होतं?' मग गप्प बस. मधे 'अगं, मला माहीतच नव्हतं' असं नको. माहीत नव्हतं, म्हणून तर तिने वही दिली. वाळवंटाची गोष्ट तिने विचारली तर सांग, नाही विचारली तर नको.

मी माझी वही कुणालाच दिली नाही. द्यावी असे दोघे जण होते. तेव्हा राग होता, मग लाज वाटली, मग वेळ निघून गेली. आता ती कपाटात आहे आणि ती वाचता येणारी मी एकटीच. तुझी बहीण माझ्याहून शहाणी आहे. की माझ्याहून जास्त थकली होती, कोण जाणे.

शेवटच्या पानाचं मात्र सांगून ठेवते. आपण सकाळीच दिवसभराच्या वेळा लिहून ठेवतो, आणि प्रत्येकीपुढे एक चौकोन. औषध दिलं की बरोबरची खूण. माझ्या वहीत दुपारच्या दोनपर्यंत खुणा आहेत. पुढे सहा लिहिलंय, दहा लिहिलंय, दोन लिहिलंय, आणि चौकोन रिकामे. तिच्याही वहीत ते पान असेल. वाचता वाचता तिने ते उलटून वही मिटली, तर मागे जाऊ नकोस.

– मावशी