ट्यूबलाइटखाली उलटी फिरणारी पुली

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात मागांची देखभाल करतो. रात्रपाळीत ट्यूबलाइटच्या उजेडात मोटरची चार आऱ्यांची पुली कधी थांबल्यासारखी, तर कधी सावकाश उलटी फिरताना दिसते. दिवसाउजेडी मात्र आरे दिसतच नाहीत. शाळेत आम्हाला दृष्टिसातत्य शिकवले होते. गड्डा यात्रेतील पाळण्यांवर दिवे धावतात, त्याचे आणि या पुलीचे कारण तेच समजावे काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दृष्टिसातत्य हे अर्धेच उत्तर आहे, आणि ते पुरे म्हणून सांगितले जाते हे खटकते. डोळ्यातील पडद्यावर प्रकाशाचा परिणाम क्षणभर रेंगाळतो, हे खरे. म्हणूनच सेकंदाला साधारण पन्नास-साठ वेळांहून अधिक होणारी लुकलुक सहसा जाणवत नाही, आणि दिवसाच्या अखंड उजेडात आपल्या पुलीचे आरे एकमेकांत मिसळून नुसती करडी चकती दिसते. परंतु मागची प्रतिमा टिकून तिच्यावर पुढची पडत गेली, तर त्यातून गिचमिड होईल, गती नव्हे. गती मेंदू ठरवतो. दृष्टीचे काम करणाऱ्या काही चेतापेशी ठराविक दिशेच्या हालचालीलाच जोरदार प्रतिसाद देतात. एका बिंदूवर झालेला बदल आणि शेजारच्या बिंदूवर किंचित उशिराने झालेला तसाच बदल यांची सांगड बसली, की काहीतरी इकडून तिकडे गेले असा त्यांचा निर्वाळा असतो. मधल्या जागेत खरोखर काही होते का, याची चौकशी त्या करत नाहीत.

गड्डा यात्रेत होम मैदानावर लागणाऱ्या पाळण्यांचे बल्ब ओळीने पेटतात आणि विझतात, एवढेच. धाव आपण पुरवतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन रेषा सुमारे ६० मिलिसेकंदांच्या अंतराने दाखवल्या, तेव्हा पाहणाऱ्यांना एकच रेषा सरकताना दिसली. हे अंतर ३० मिलिसेकंदांवर आणले की दोन्ही रेषा एकदम दिसत, आणि २०० वर नेले की एकीमागून दुसरी.

आता पुली. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची असेल, तर सेकंदाला २४ फेऱ्या होतात, म्हणजे उजेडाच्या दोन उसळ्यांमध्ये पुली ८६.४ अंश फिरते. चार आऱ्यांमधील अंतर ९० अंशांचे. त्यामुळे प्रत्येक उसळीला आधीच्या आऱ्याच्या जागेपासून ३.६ अंश अलीकडे दुसरा आरा येऊन ठेपतो. सगळे आरे सारखेच, तेव्हा मेंदू जवळची जुळणी पत्करतो आणि पुली सेकंदाला एक फेरी या गतीने उलटी फिरते. मोटरवरचा भार हलका झाला की तिचा वेग १५०० च्या जवळ जातो, हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि पुली थांबल्यासारखी दिसते. एका आऱ्यावर खडूची खूण केल्यास हा भ्रम बराचसा उघडा पडेल. मात्र खूण मोटर बंद असतानाच करावी.

आकार आधी आणि गती नंतर, असाही क्रम नेहमी नसतो. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये माणसाच्या सांध्यांवर लावलेले मोजके प्रकाशबिंदू तेवढे दिसतील असे चित्रण दाखवले होते. स्थिर असताना ते ठिपक्यांचा पसारा वाटत, पण हलू लागताच चालणारा माणूस क्षणार्धात ओळखू येई. उलट, १९८३ मध्ये मेंदूचे अभ्यासक योझेफ त्सिल आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या एका रुग्ण महिलेला मेंदूच्या मागील भागातील इजेमुळे रंग आणि वस्तू ओळखता येत, गती मात्र दिसत नसे. कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा दिसे आणि कप भरत आल्याचे कळत नसे.

आपल्या कामात या भ्रमाचा धोका खरा आहे, कारण थांबलेली समजून एखादा नवखा कामगार पुलीत हात घालू शकतो. शेजारशेजारच्या ट्यूब तीन वेगवेगळ्या फेजवर जोडून घ्याव्यात, म्हणजे त्यांचा उजेड एकाच वेळी मंदावणार नाही, किंवा इलेक्ट्रॉनिक चोक बसवावेत. एलईडी घेताना मात्र ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा आतील भाग, चांगल्या प्रतीचा आहे ना, हे पाहावे; स्वस्तातल्या दिव्यांत हीच लुकलुक अधिक तीव्र असू शकते.